नामपट्टीवरचा आकडा

‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द आपल्या अंकाच्या पानांवर बहुधा पहिल्यांदाच येत असावा. संपादकांनी तो चालवून घेतला याबद्दल त्यांचे आभार मानूनच पुढे जातो. मराठी प्रतिशब्दासाठी मी पुष्कळ खटपट केली. ‘अतिगतिकरण’ म्हटले की परिपत्रकाचा वास येतो, आणि तो वास मी नोकरीत भरपूर घेतला आहे. तेव्हा शब्द इंग्रजीच राहू द्यावा आणि अर्थ मराठीत सांगावा. यंत्राला त्याच्या निर्मात्याने जी गती नेमून दिली आहे, तिच्याहून अधिक गतीने ते यंत्र मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता की, माझ्या लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड असे पळवावे की पळवू नये. प्रश्न लहान आहे. पण त्याने माझा एक संपूर्ण हिवाळा खाल्ला.

साठी उलटलेल्या माणसाजवळ गेमिंग लॅपटॉप कशासाठी, ही शंका रास्त आहे. मध्य प्रदेश शासनाच्या विद्युत सुरक्षा विभागातून मी २०२१ मध्ये निवृत्त झालो. अर्जित रजेच्या रोखीकरणाचे पैसे हाती आले, त्यातून लाखाच्या थोडे आत हा लॅपटॉप घेतला. बंदुका चालविण्याच्या खेळांत मला गोडी नाही. मला हवा होता तो मायक्रोसॉफ्टचा २०२० मध्ये आलेला विमानोड्डाणाचा खेळ, ‘फ्लाइट सिम्युलेटर’. त्यात सारी पृथ्वी उपग्रहचित्रांवरून उभी केलेली आहे. बहुतेक ठिकाणची घरे-झाडे संगणकाने अंदाजाने लावलेली असतात, हे खरे. परंतु नद्या, घाट, तलाव जागच्या जागी भेटतात. माळवा आणि निमाड मी नोकरीत जीपमधून पालथा घातला. तोच मुलूख आता आमच्या इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून छोट्या सेस्ना विमानाने उडून वरून पाहतो. निवृत्तांच्या व्यसनांमध्ये हे व्यसन तसे निरुपद्रवी आहे.

आमच्या सौभाग्यवतींना या उद्योगात रस नव्हता. एके दिवशी मात्र तिने सहज विचारले, “अहो, हरसूदवरून जाता येतं का यात?” तिचे माहेर हरसूदचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत खानदेशातून तिकडे गेले आणि तिथलेच झाले; घरात मराठी आणि दाराबाहेर निमाडी अशा घरात ती वाढली. इंदिरा सागर धरणाच्या बुडितात हरसूद गेले. ३० जून २००४ ही गाव रिकामे करण्याची शेवटची तारीख होती. माणसांनी आपापली घरे आपल्याच हातांनी पाडून दारे-खिडक्या ट्रकांत भरल्या. काही जण छनेऱ्याच्या नव्या वसाहतीत गेले, तिचे भाऊ खंडव्याला आले. त्यानंतर ती त्या बाजूला फिरकलेली नाही.

इंदूरहून सरळ रेषेत हरसूद सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. मी मार्ग थोडा वाकडा घेतला: आधी ओंकारेश्वर, मग पुनासाचे धरण, मग जलाशय. ओंकारेश्वरपर्यंत ती खुशीत होती. पुनाशाच्या अलीकडे तिने डोळे मिटून घेतले आणि उठून गेली. “गरगरतं हो,” एवढेच म्हणाली. घाटातल्या बसमध्येही जिला कधी उलटीची गोळी लागली नाही, तिला खुर्चीत बसून घेरी आली. कारण उघड होते. चित्र एकसारखे न वाहता गचके देत पुढे सरकत होते. मी विमान चालवीत असल्याने मला ते जाणवत नव्हते. शेजारी नुसते पाहणाऱ्याला ते सोसवत नव्हते.

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्यात अभियांत्रिकीला आहे. त्याला फोन केला. त्याने क्षणभरही न थांबता निकाल दिला. “आजोबा, ओव्हरक्लॉक करून टाका. वॉरंटी तर संपलीच आहे. आता भीती कशाची?”

या वाक्याने मी जो थबकलो, तो विचारात पडलो. वॉरंटी होती तोवर यंत्र बिघडले तर काळजी कंपनीची होती. ती संपली, म्हणजे काळजी माझ्याकडे आली. आणि हा मुलगा म्हणतो, आता भीती संपली! तरुणांचे हिशेब आपल्याहून उलटे असतात. त्याला हा लॅपटॉप जुना, म्हणजे प्रयोगाला मोकळा वाटतो. मला तो जुना, म्हणजे जपण्याजोगा वाटतो. कारण दुसरा लाख रुपये खर्चून पुन्हा घेण्याची कल्पना पेन्शनीत बसत नाही. शिवाय लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड म्हणजे खरे पाहता कार्ड नव्हेच. मोठ्या संगणकात ते काढता-घालता येते; येथे ती चिप मुख्य बोर्डावरच झाळलेली असते. जेल रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याला मी मुद्दाम विचारून आलो. तो म्हणाला, “साहब, गई तो पूरा बोर्ड ही बदलना पड़ेगा.” त्याने सांगितलेली रक्कम ऐकून मी तिथला चहा घेण्यापुरताच थांबलो.

माझे सारे आयुष्य नामपट्टीवरील आकड्यांशी निगडित राहिले. ट्रान्सफॉर्मरवर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर क्षमता कोरलेली असते: २५, ६३, १०० केव्हीए. खेड्यात याच ट्रान्सफॉर्मरला ‘डीपी’ म्हणतात. रबीच्या हंगामात गव्हाला पाणी द्यायचे असते, वीज ठरावीक तासच असते, म्हणून सगळे पंप एकदम सुरू होतात. त्यातही नोंद तीन अश्वशक्तीची आणि विहिरीवर बसविलेली मोटर पाचची, हा प्रकार सर्रास. कित्येकदा मोटरीवरची पट्टीच बदललेली सापडे. शंभराच्या डीपीवर सव्वाशेचा भार पडतो आणि डीपी तो ओढतेही. त्या दिवशी ती जळत नाही, हीच खरी फसगत. आतल्या तारांभोवती कागदाचे वेष्टन असते, ते उष्णतेने हळूहळू ठिसूळ होते. आमच्या शास्त्रातला ढोबळ नियम असा की, तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की त्या कागदाचे आयुष्य निम्मे होते. मग एखाद्या रात्री, विशेष भार नसतानाही, डीपी जाते आणि लोक म्हणतात, काल तर चांगली चालली होती.

संगणकाच्या चिपमध्ये कागद नाही, पण झीज आहे. केसाहून कितीतरी बारीक धातूच्या तारांतून वीज वाहताना ती धातूचे अणू कणाकणाने पुढे ढकलीत नेते; तार एके ठिकाणी झिजत जाते. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस या झिजेचे गणित मांडले, आणि त्यातही तापमान हाच मोठा घटक ठरला. चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता गतीच्या सरळ प्रमाणात वाढते. विजेच्या दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती सात टक्क्यांनी आणि दाब पाच टक्क्यांनी वाढविला, तर उष्णता सुमारे अठरा टक्क्यांनी वाढते. सात टक्के मिळवून अठरा टक्के देणे हा व्यवहार कोणत्याही लेखापरीक्षकाला आवडणार नाही.

तरीही हा उद्योग वेडेपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याला चांगला इतिहास आहे. १९८४ मध्ये आयबीएमचा पीसी-एटी आला, त्याची गती ६ मेगाहर्ट्झ होती. मंडळींनी त्यातला स्फटिक बदलून ती ८ वर नेली. कंपनीने पुढे यंत्र सुरू होतानाच ही वाढीव गती पकडण्याची तजवीज केली. १९९८ मध्ये इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याच्या नावातच ३०० मेगाहर्ट्झ होते. पण बोर्डाची गती ६६ वरून १०० केली की तो ४५० वर धावे, आणि तेही कुरकुर न करता. दीडपट! गरिबाघरच्या हुशार मुलासारखे त्याचे कौतुक झाले. त्या काळी निर्माता नामपट्टीवर आकडा कमी लिहीत असे आणि पुष्कळ शिल्लक आत पडून असे. ती उचलण्यात शहाणपण होते.

आज ती शिल्लक पडून राहिलेली नसते, ही गोष्ट मला या हिवाळ्यात समजली. एनव्हिडिया कंपनीने २०१२ पासून आपल्या ग्राफिक्स कार्डांत अशी सोय केली की, चिप स्वतःच आपले तापमान आणि विजेचा वापर मोजते आणि जागा दिसेल तेवढी गती स्वतःच वाढवते. माझ्या लॅपटॉपमध्ये ‘आरटीएक्स ३०६०’ हे कार्ड आहे. त्याच चिपला एक लॅपटॉप-कंपनी ६० वॅट देते, दुसरी ११५ देते, आणि दोन्हींवर नाव एकच लिहिलेले असते. म्हणजे नामपट्टी आहे, पण तिच्यावरील आकडा लॅपटॉपागणिक वेगळा. निर्मात्याने जी शिल्लक आधीच वापरात आणली आहे, ती मी पुन्हा कोठून काढणार?

याच कंपनीने एकदा लॅपटॉपवरील ओव्हरक्लॉकिंग बंदही करून पाहिले होते. २०१५ च्या प्रारंभी ग्राहकांच्या लक्षात आले की, नव्या ड्रायव्हरने गती वाढविण्याची वाट बुजविली आहे. कंपनीचे म्हणणे असे की, लॅपटॉपची उष्णतेची आणि विजेची रचना यासाठी केलेली नाही, त्यात यंत्राला इजा होऊ शकते. ग्राहकांनी गदारोळ केला आणि कंपनीला ती वाट परत उघडावी लागली. तांत्रिक मुद्दा कंपनीचा बरोबर होता, असे मला वाटते. आणि तरीही ग्राहक जिंकले हे ठीकच झाले. विकत दिलेल्या वस्तूला विकणाऱ्याने मागाहून कुलूप घालू नये.

असो. कागदावरचा विचार पुरे झाला. निरीक्षकाने जागेवर जाऊन मोजमाप केल्याशिवाय शेरा मारू नये, ही आमच्या खात्याची शिस्त. जानेवारीत इंदूरचे किमान तापमान दहाच्या खाली उतरते. प्रयोगाला याहून चांगला हंगाम नाही. ‘आफ्टरबर्नर’ नावाचा फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम नातवाने फोनवरून बसवून दिला. त्यात सरकपट्ट्या असतात: चिपच्या गतीची, मेमरीच्या गतीची, विजेच्या मर्यादेची. लॅपटॉपमध्ये विजेची पट्टी करडी होऊन पडली होती, हलतच नव्हती. म्हणजे वॅट वाढणार नाहीत. आहेत त्यातच काय ते पळा. गती मी वीस-वीस मेगाहर्ट्झने वाढवीत गेलो आणि प्रत्येक वेळी तेच ओंकारेश्वर-पुनासा उड्डाण केले. १६० च्या पुढे नर्मदेच्या पात्रावर जांभळे ठिपके उठले आणि खेळ बंद पडला. मर्यादा कळली. १२० वर परत आलो.

नोंदवहीतले आकडे असे: मूळ गतीवर सेकंदाला सरासरी ३६ चित्रे, तापमान ८१ अंश. वाढीव गतीवर पहिली काही मिनिटे ३८ चित्रे. विसाव्या मिनिटाला तापमान ८६, आणि मग चिपने आपणहून गती उतरविली. चित्रे पुन्हा ३६ वर. पंखे मात्र असे घोंघावू लागले की स्वयंपाकघरातून विचारणा झाली. हे जानेवारीत. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो आणि खोलीत फक्त कूलर असतो. तेव्हा काय होईल ते मोजायची गरज वाटली नाही.

दुसरी एक गोष्ट त्याहून बोलकी निघाली. या खेळात, ‘डेव्हलपर मोड’ सुरू केला तर, चित्रे कोणामुळे अडतात हे पडद्यावरच लिहून येते. विमानतळावर आणि इंदूर शहरावर तेथे ‘मेन थ्रेड’ असे दिसे. अर्थ असा की, अडवणूक मुख्य प्रोसेसरची आहे. ग्राफिक्स कार्ड हात बांधून त्याची वाट पाहत उभे आहे. कचेरीत टंकलेखक कितीही वेगाचा असला तरी साहेबाची सही अडली तर पत्र निघत नाही, तसे. जिथे कार्ड अडवीतच नव्हते तिथे कार्डाला पळवून काय साधणार होते? कार्डाची पाळी येई ती विंध्य उतरल्यावर, निमाडच्या मोकळ्या मुलखात, जंगल आणि पाण्यावर.

याच खटपटीत मला त्या सरकपट्टीचा खरा अर्थ उलगडला, आणि तो नातवालाही नीट ठाऊक नव्हता याचा थोडा आनंद झाला, हे नाकारीत नाही. चिपच्या आत एक कोष्टक असते: अमुक दाबाला अमुक गती. निर्माता ते कोष्टक अशा बेताने करतो की, हजारांतली सर्वांत कमजोर चिपही त्यात तगावी. म्हणून बहुतेक चिपांत थोडी शिल्लक उरतेच. १२० मेगाहर्ट्झ वाढविणे म्हणजे त्याच दाबाला अधिक गती मागणे. परंतु हीच गोष्ट उलटही वाचता येते: तीच गती कमी दाबात मागणे. शिल्लक एकच, ती वेगासाठी खर्चावी की थंडाव्यासाठी, एवढा प्रश्न उरतो. या दुसऱ्या खर्चाला ‘अंडरव्होल्टिंग’ म्हणतात. त्यातही फार ताणले तर खेळ कोसळतो, पण यंत्र भाजत नाही.

मी १,७०० मेगाहर्ट्झसाठी ८५० मिलिव्होल्टऐवजी ७७५ दिले. दाबाचा वर्ग लागू होतो म्हणून उष्णतेत सतरा टक्क्यांची घट अपेक्षित होती. तीन दिवस उड्डाणे करून पाहिली. ठिपके नाहीत, बंद पडणे नाही. तापमान ८१ वरून ७४ वर आले. लॅपटॉपच्या मागील बाजूखाली दोन जाड पुस्तके ठेवून हवेला वाट करून दिली (एक पुस्तक परिभाषाकोश होता, इतक्या वर्षांत प्रथमच उपयोगी पडला), पंख्यांवरची चार वर्षांची धूळ काढविली, त्याने आणखी तीन अंश गेले.

राहिले गचके. त्यांचा उपाय वेगात नव्हताच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि त्यात कुणाला घेरी येत नाही. कारण त्या चोवीस चित्रांतील अंतर सारखे असते, आणि हलत्या वस्तूची किंचित पुसट छटाही प्रत्येक चित्रात उतरलेली असते. माझ्या पडद्यावर सरासरी ३६ होती, पण एका क्षणी ४५ आणि पुढच्या क्षणी २४. डोळ्याला सरासरी दिसत नाही, चढउतार दिसतो. ओव्हरक्लॉक करून मी ४५ चे ४८ केले असते. खाली २४ चे फार तर २५ झाले असते, आणि दरी वाढली असती. मी उलट केले. चित्रांना ३० ची कमाल मर्यादा घातली, ढगांचा आणि झाडांचा तपशील एक पायरी उतरविला, म्हणजे कठीण जागीही तीसच्या खाली जाण्याचे प्रसंग फार उरले नाहीत. कार्ड आता पूर्वीइतके कष्ट करीतच नाही. पासष्ट-सहासष्ट अंशांवर निवांत असते.

नातवाला कळविले. “तीस? आजोबा, तीस म्हणजे स्लाइड शो!” तो हसला. त्याच्या खेळांत शत्रू अर्ध्या निमिषात येतो, त्याला दीडशे चित्रेही अपुरी पडतात. त्याचे खरे आहे. त्याच्या वसतिगृहातल्या संगणकात कार्ड वेगळे आहे, पंखे थाळीएवढे आहेत, तिथे त्याने काय हवे ते पळवावे. मी त्याला फक्त दाब-गतीच्या कोष्टकाची माझी नोंद पाठविली. रात्री उशिरा त्याचा निरोप आला की, करून पाहिले, पंख्याचा आवाज कमी झाल्याने खोलीतला जोडीदार खूश आहे.

फेब्रुवारीच्या एका दुपारी हिला पुन्हा खुर्चीत बसविले. शेजारी ओव्याची बाटली ठेवली होती, तिला हात लागला नाही. ओंकारेश्वर गेले, पुनासा गेले. मग जलाशय सुरू झाला आणि संपेना. हरसूदच्या जागेवर पोहोचलो तेव्हा खाली नुसते निळे पाणी होते आणि पुष्कळ वळणांचा काठ. हा खेळ बुडालेले गाव दाखवू शकत नाही, हे मी तिला निघण्यापूर्वीच सांगितले होते. ती पाहत राहिली. “खाली घ्या थोडं,” म्हणाली. घेतले. “स्टेशन कुठे असेल?” मी होकायंत्र पाहून अंदाजाने एक बाजू दाखविली. तिने मान हलविली आणि काठाच्या एका उंचवट्याकडे बोट केले. तिथे पलीकडे शाळेची टेकडी होती, असे तिचे म्हणणे. सरळ तिकडून गेलात तर स्टेशन डाव्या हाताला येतं. मी वळलो. पंख्यांचा आवाज इतका कमी होता की ती पुटपुटत होती ती घरांची नावेही मला ऐकू येत होती.

दोन फेऱ्या झाल्यावर तिने विचारले, परतताना छनेऱ्यावरून जाता येईल का. इंधन पुष्कळ होते.